उलटे वेढे

बाबा, तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली आणि आज दुपारी मला तुमचा इतका राग आला की हातातला चहाचा कप मला खाली ठेवावा लागला. एरवी तुमची आठवण येते ती वार्निशच्या वासाबरोबर. दिवसभर विहिरींवरच्या मोटारींचं वाइंडिंग करून तुम्ही खामगावच्या आपल्या त्या दोन खोल्यांत शिरायचात आणि तो वास तुमच्या आधी आत यायचा. तो आठवला की मी हळवी होते. आज झाले नाही.

मी आता काय करते ते तुम्हाला माहीत नाही. शाळेतली नोकरी संपल्यावर मी बुलढाण्यात मुलांच्या विज्ञान दालनात काम धरलं. आहे ते संग्रहालयच, पण इथे प्रत्येक वस्तूला हात लावायचा, ती खोलायची, बिघडली तर बिघडू द्यायची. माझं काम बाहेरून बघणाऱ्याला आळशीपणाचं वाटेल. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन आदल्या दिवशी मुलांनी जोडलेलं सगळं मी मोडून ठेवते, कारण जोडलेलं दिसलं की मूल नुसतं बघत उभं राहतं. मग दिवसभर हात पाठीमागे. मूल अडलं की कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी शिकवलेली मेरीची प्रार्थना मी मनातल्या मनात सावकाश म्हणते आणि ती संपेपर्यंत तोंड उघडत नाही. बहुतेक वेळा शेवटच्या आमेनच्या आत त्याला काहीतरी सुचलेलं असतं. हत्यार द्यायचं ते मुठीकडून. ‘सोपं आहे’ असं कधी म्हणायचं नाही. सोपं असूनही जमलं नाही तर पोर स्वतःला ढ समजतं. आणि विचारायचं ते त्यांच्या बोलीत. शाळेत वऱ्हाडी शब्द तोंडातून गेला की मला बाकावर उभं करायचे आणि घरी तुम्ही स्वतः वऱ्हाडीतच आईला बजावायचात, पोरीशी शुद्ध बोलत जा म्हणून. ती बोली मी या वयात परत शिकले, कारण ‘असं का झालं असेल?’ म्हटलं की मुलं परीक्षेला बसल्यासारखी गप्प होतात आणि ‘काऊन पडला बे हा?’ म्हटलं की दहा जण एकदम बोलतात. दोन नव्या मुली माझ्याकडे हे काम शिकायला आहेत. त्यांना मी रोज एकच गोष्ट सांगते, आपला हात आवरा.

आज सकाळी अमडापूरच्या शाळेच्या मुली आल्या. दारातच मी त्यांना नेहमीचं सांगितलं, बिघडलं तर बिघडू द्या. आमच्याकडे एक लाकडी कमानीचा पूल आहे. खिळा नाही, गोंद नाही. पाचरीसारखे अकरा ठोकळे एका आधारावर मांडायचे आणि मग आधार काढून घ्यायचा. बरोबर बसले असतील तर मूल त्यावरून चालत जातं. तेल लावून घट्ट दोन वेण्या घातलेली, अकरा-बारा वर्षांची एक मुलगी त्याला भिडली होती. मधले दोन ठोकळे उलटे बसत होते, त्यामुळे आधार काढला की पूल कोसळत होता. तीनदा कोसळला. चौथ्या वेळी तिने एक ठोकळा हातात घेतला, फिरवला, त्याची अरुंद बाजू बघितली, पुन्हा फिरवला. बाबा, याच क्षणासाठी मी रोज सकाळी दालन उघडते. पण नेमके आज देणगीदार पाहुणे आले होते, मोबाईल उंच धरून उभे होते, त्यांना पुढे जायचं होतं, आणि एक जण हसून म्हणाला की आज काही पूल होत नाही. मी प्रार्थना अर्ध्यावर सोडली. तिच्या हातातून ठोकळा घेतला, सरळ बसवला, दुसराही बसवला, आधार काढला. पूल उभा राहिला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तिला म्हटलं, चाल आता यावरून.

ती हलली नाही. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले, अगदी मी नेते तसे, आणि म्हणाली, “तुमीच चाला ना, मॅडम. तुमीच बांधला. मंग मी काऊन आली इथं?”

माझ्याकडे शिकणाऱ्या दोघी खाली बघू लागल्या. आणि मी एकदम आपल्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. मी सातवीत आहे. शाळेच्या प्रदर्शनासाठी विजेची घंटी करते आहे. तुमच्या दुकानातून मागून आणलेली तांब्याची तार आठ दिवस एका बोल्टवर गुंडाळते आहे, बोटांना रग लागली आहे. आई भाकरी थापते आहे. बटण दाबलं की घंटी वाजत नाही, नुसती खरखरते. तुम्ही दारातून येता, चप्पलही काढत नाही, बघता आणि हसता. “तुह्ये हात काळे होतीन, बाई. दे इकडं.” भावाला पक्कड धरायला सांगता. मला बाजूला सरकायला सांगता. माझे सगळे वेढे कापून जमिनीवर टाकता आणि भाकऱ्या होईपर्यंत तुमची सुरेख, एकसारखी गुंडाळी तयार होते. घंटी अशी वाजते की शेजारची माणसं दारात येतात.

कॉलेजात गेल्यावर मला कळलं माझं काय चुकलं होतं. तार संपली तेव्हा मी दुसरी जोडली आणि उरलेले वेढे उलट्या दिशेने घेतले. सरळ वेढ्यांचं बरंचसं चुंबकत्व उलट्यांनी मारून टाकलं. किती देखणी चूक, बाबा. ती हाताखाली समजली असती तर मी त्या दिवशीच कुणीतरी झाले असते. तुम्हाला ती एका नजरेत दिसली होती. तुम्ही सांगितली नाहीत. माझी चूक माझी होती, ती तुम्ही कापून केरात टाकलीत. पुढे सुट्टीत दुकानात बसू द्या म्हणाले तर म्हणालात, कॉन्व्हेंटची फी काय यासाठी भरतो? भाऊ बसला. त्याला त्यात रसही नव्हता.

प्रदर्शनात सिस्टरांनी एका पेचाकडे बोट दाखवून विचारलं, हा सैल केला तर काय होईल? मला सांगता येईना. त्यांनी विचारलं, घंटी कुणी केली? मी म्हटलं, मी. पहिलं बक्षीस मिळालं. तुम्ही ते प्रशस्तिपत्र दुकानात लावलंत आणि वाइंडिंगला मोटार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला दाखवलंत. तेव्हापासून मी तेच खोटं बोलते आहे. ती घंटी आमच्या दालनाच्या दाराशी आहे, काचेच्या पेटीत, बाहेर फक्त बटण. येणाऱ्या प्रत्येक तुकडीला मी सांगते, ही मी सातवीत असताना केली.

निघताना त्या मुलीने बटण दाबलं, काचेवर टिचकी मारली आणि घंटी पेटीत बंद काऊन हाय म्हणून विचारलं. मी म्हटलं, जुनी आहे, बिघडेल. ती म्हणाली, “मंग बिघडू द्या ना. सकाळी तुमीच म्हन्ल्या.” मैत्रिणी फिदीफिदी हसल्या आणि सगळ्या जीपकडे पळाल्या.

हे मी दालनाच्या रोजच्या वहीत मागच्या पानावर लिहिते आहे. तुमचा राग गेलेला नाही. कमी व्हावा असंही वाटत नाही. लिहायला बसण्याआधी मी पूल मोडून ठेवला, घंटीची काच काढली आणि पेचकस तिच्याशेजारी ठेवला. पेच सैल केला की घंटी मुकी होते, हे मी इतर घंट्यांवर हजार वेळा करून दाखवलं आहे. ह्या घंटीवर कधीच नाही. तो पेच शेवटचा तुम्ही फिरवलेला आहे. उद्या सकाळी दुसऱ्या शाळेची मुलं येतील, त्यांतलं कुणीतरी पेचकस उचलेलच. तेव्हा माझे हात पाठीमागे राहतील का, हे मला खरंच सांगता येत नाही.