बाळंतपण आणि बंगालचा उपसागर

१४ सप्टेंबर
धाकटी संबोधी म्हणते, बाळंतपणाला इंदूरला येणार नाही. पहिलं बाळंतपण — आणि माहेरी नाही! तिची डॉक्टर तिकडे, विशाखापट्टणमला. तारीख नोव्हेंबरच्या मध्याची. ऐन वादळांच्या दिवसांत! घरापासून समुद्र दहा मिनिटांवर.
बायकोला, आनंदीला, सांगितलं. ती पोहे परतत राहिली.

१५ सप्टेंबर
वही काढली. संबोधी लग्न होऊन तिकडे गेली तेव्हापासून, सात वर्षं, टीव्हीवर वादळ दिसलं की लिहून ठेवतो. एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत एक हंगाम, ऑक्टोबर ते डिसेंबर दुसरा. भर पावसाळ्यात जवळजवळ कोरं. अरबी समुद्रात कमी, बंगालच्या उपसागरात जास्त. मुलगी नेमकी तिकडेच दिली!

१६ सप्टेंबर
रात्री तीनदा उठून वही चाळली. काळजीनेच.

२१ सप्टेंबर
जावयांना फोनवर वही वाचून दाखवली. अश्वजित नौदलात, शांत माणूस. सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "बाबा, यातली आमच्याकडे किती आली?"
ते मी पाहिलंच नव्हतं! उपसागरात वादळ म्हणजे संबोधीच्या दारात, असंच धरून चाललो. शोधत बसलो. कुठलं ओडिशाला, कुठलं तमिळनाडूला, कुठलं बांगलादेशला, काही पाण्यातच विरलेली. थेट त्यांच्यावर — एकही नाही. केवढं हायसं वाटलं!
पण संबोधी म्हणाली, सात वर्षं म्हणजे काहीच नाही, शंभराहून जास्त वर्षांच्या नोंदी आहेत, आणि मोठं वादळ त्यांच्या गावानेही सोसलंय. मग काळजी करायची की नाही?
"तयारी करायची, बाबा. आणि तुम्ही दोघं इकडे या."

२२ सप्टेंबर
शेजारचे गजाननराव हसले. "भिया, इंदौर में बैठ के समंदर का टेन्शन?" मग म्हणाले, जाताना चार किलो शेव न्या, तिकडे आपल्यासारखी मिळणार नाही.
आनंदीने बॅग आधीच काढलेली. माहेरच निघालं लेकीकडे!

३ नोव्हेंबर
पोहोचलो. समुद्र पाहिला. सत्तराव्या वर्षी, पहिल्यांदा. घाबरून आनंदीचा हात धरला — चारचौघांत! तिने सोडवला नाही.

१३ नोव्हेंबर
उपसागरात कमी दाबाचा पट्टा. जावयांनी पाण्याची पिंपं भरली, टॉर्च तपासले, दवाखान्याची बॅग दाराशी ठेवली. मी तिन्ही गोष्टी पुन्हा तपासल्या. दोनदा.

१५ नोव्हेंबर
पट्टा दक्षिणेला सरकला. इथे नुसती भुरभुर. सकाळी नऊला मुलगी! नाक आनंदीचं. दवाखानाभर शेव वाटली. नर्सबाई म्हणाल्या, मिठाई वाटतात. म्हटलं, आम्ही इंदूरचे.

२८ नोव्हेंबर
संबोधीने विचारलं, परतीचं तिकीट कधीचं काढू?
वहीत पाहून म्हटलं, मे होऊन जाऊ दे.