जिन्याखालच्या गोळ्या

आये, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी आता लिहायला बसलेय. सातवीपर्यंत शिकलेली मी, चुका काढू नकोस. चार दिवस जिवाला चैन नाही. भाजी निवडते, उठते, गॅलरीत जाते, परत बसते. तुझ्या पणतीमुळे, माझ्या नातीमुळे झालं सगळं. पोरगी परळला लॅबमध्ये लागलीय. टीबीवर नवीन औषध शोधतात, झाडपाल्यातून. जुन्या गोळ्यांना काही जंतू आता दाद देत नाहीत म्हणे. जंतूंवर पाल्याचा अर्क टाकून बघायचं, मरतात का. तिला गॅलरीतला तुझा वेल दिसला, गावाहून आणलेला. त्याचं नाव तू मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाहीस, सांगितलं की गुण जातो म्हणायचीस. ती वहीच घेऊन बसली. "आजी, पणजोबांचा टीबी या पाल्याने गेला ना? दुसरं औषध नव्हतं ना चालू?" "नव्हतं," मी म्हटलं. पटकन. तिने लिहून घेतलं.

चालू होतं, आये. दोन औषधं पोटात भांडतात, माझा पाला असताना दवाखान्याची गोळी घरात नको, अशी तुझी ताकीद. मी म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यातून आणायचे. सकाळी बाबा दुधाला उतरायचे, मी मागून. ते जिन्याखाली गोळ्या गिळतायत, मी तांब्या धरून उभी, आणि वरून तू ओरडतेस, "अगो, म्हस पिळूक गेल्यात की काय दोघां?" बाबांना हसू येतं, मग खोकला. त्या गोळ्यांनी लघवी लाल होते, दवाखान्यातल्या बाईने मला सांगितलेलं. तू मोरीत बघितलंस आणि चाळभर सांगत सुटलीस, "पाल्यान रोग भायर काढल्यान!" बाबा बरे झाले. लोक तुझ्याकडे पाला मागायला यायला लागले. मी गप्प. त्यातले किती बरे झाले, आपण कधी विचारलंच नाही.

आज खालच्या मजल्यावरची सून आली. टीबी झालाय तिला, गोळ्यांचे अजून चार महिने बाकी. "काकी, मळमळतं हो त्यांनी. तुमचा पाला आता लॅबवालेपण मानतात ना? तोच द्या, गोळ्या बंद करते."

माझं डोकंच फिरलं. "बंद केल्यास तर दारात उभी करणार नाही! माझा बाप गोळ्यांनी बरा झाला. मी दिल्या, जिन्याखाली, आयेपासून लपवून." लाल लघवीचंही सांगितलं. मळमळतं ते डॉक्टरला सांग, मला नको, म्हटलं.

नात तिथेच बसलेली. वहीतली ओळ खोडली तिने. "आजी, मला खोटं का सांगितलंस?"

"माझ्या आयेची इज्जत होती ती."

"पाला बघणारच आहोत आम्ही. वेलाचा काय दोष?" एवढंच बोलली आणि नवीन पान काढलं.

हा कागद मी फाडणार आहे, उगाच कोणाच्या हाती नको. तुझा मान गेला, मला वाईट वाटायला हवं. वाटलं, थोडं. पण ती सून दारात चपला घालताना म्हणाली, "म्हणजे बाबांना तुम्ही वाचवलंत, काकी." आये, ते ऐकून मला बरं वाटलं. कोणीतरी म्हणावं असं मला तेव्हापासून वाटत होतं.