वावेतलं पाणी

प्रिय संयोगिता,

फोन केला असता, पण तुझा आवाज ऐकल्यावर मला पुढचं बोलता येणार नाही. म्हणून हा ईमेल लिहिते आहे. रणवीर ऑफिसमधून घरी आला असेल तेव्हाच वाच, एकटी असताना नको.

आमचं काम तुला माहीत आहे. खंडेराव मार्केटमधून केळीच्या साली आणि शेंगांची टरफलं पोत्यांनी आणायची, वाळवायची, जाळून कोळसा करायचा, दळायचा. त्यातून रंगाचं पाणी सोडलं की रंग भुकटीला चिकटतो आणि खालून नितळ पाणी येतं. फुकटात मिळणाऱ्या कचऱ्याने हे होतं याचं मला अजून नवल वाटतं. लॅबमध्ये बाटलीभर पाण्यावर जमलं, म्हणून या हिवाळ्यात आमच्या विश्वंभर सरांनी मोठं काम घेतलं. शहराबाहेर कापड रंगवणाऱ्या एका बंद पडलेल्या डाइंग युनिटच्या मागे जुनी वाव आहे, पायऱ्यांची विहीर. युनिटवाल्यांनी तिच्यात वर्षानुवर्षं रंगाचं पाणी सोडलं आणि आता तो रंग गावाच्या बोअरमध्ये उतरायला लागला होता. गेटवरची पाटी वाचून मी जरा थांबले. कोणतं युनिट, ते तुला कळलंच असेल. तेव्हा तुला कळवलं नाही, कारण कळवण्यासारखं काही नव्हतं.

संयू, ते पाणी राणी रंगाचं होतं, लग्नातल्या शालूसारखं. भर दुपारीही त्यात स्वतःचं प्रतिबिंब दिसायचं नाही. बेडूक नाही, शेवाळ नाही, डास नाही. कमानीतल्या पारव्यांच्या छात्या गुलाबी झालेल्या. दगड टाकला तर आवाज यायचा, पण जरा उशिराच आल्यासारखा वाटायचा. शेजारी शेळ्या चारणारी एक म्हातारी रोज येऊन आमचे पंप आणि ड्रम बघत उभी राहायची. एकदा मला हळूच म्हणाली, "रहेवा दे बेन. रंग छे त्यां सुधी सारुं छे." रंग आहे तोवरच बरं का, विचारलं तर शेळ्या घेऊन निघून गेली. पुन्हा आली नाही.

पंपाने पाणी वर ओढायचं, भुकटीच्या ड्रममधून गाळायचं आणि परत वावेत सोडायचं, असं चाललं होतं. रंग फिका होत गेला तशी रोज सकाळी आणखी एखादी पायरी दिसायची. बाकीच्यांना आनंद होत होता. मला मात्र कुणीतरी खालून एकेक पायरी चढून येतंय असं वाटायचं. मी कठड्याजवळ जायचं टाळू लागले. लॅबमध्ये परतल्यावर हात धुताना पाणी गुलाबी व्हायचं, कितीही साबण लावला तरी.

मंगळवारी सकाळी ऊन थेट खालच्या टप्प्यापर्यंत पोचलं. तिथे, पाण्याखाली, एक स्कूटर उभी होती. पडलेली नाही गं, स्टँडवर लावलेली, कुणी आत्ताच उतरून बाजूला गेल्यासारखी. सरांना वाटलं चोरीची असेल. मी नंबर वाचला आणि पोलिसांना फोन लावला. तुझ्या भावाची, समरजितची स्कूटर; त्याच्याच मागे बसून आपण दोघी फतेगंजपासून कॉलेजला जायचो.

पोलिसांनी वाव उपसली. स्कूटरच्या मागे कमानीत एक कोनाडा आहे, विटांनी घाईत बुजवलेला. विटांमागे जे मिळालं ते सयाजीगंजकडच्या हॉस्पिटलात तपासणीसाठी नेलं आहे. इन्स्पेक्टर म्हणाले, गाडी ठेवली तेव्हा वाव कोरडी असणार, पाणी नंतर सोडलं. गावकरीही तेच सांगतात. युनिटवाले आधी रंगाचं पाणी नाल्यात सोडायचे, तिथेच नोकरीला असलेल्या समरजितने त्याची तक्रार केली होती. एका संध्याकाळी ड्यूटी संपवून स्कूटरवरून घराकडे निघताना त्यांनी त्याला शेवटचं पाहिलं, आणि त्यानंतर पाणी वावेकडे वळलं. युनिटचा मालक कुठे आहे ते आता शोधतायत.

तुला बडोद्याला यायला हवं. ओळख पटवायला रक्ताच्या नात्यातल्या कुणाचा तरी नमुना लागतो आणि पोलीस काकूंकडे जाणार होते. मी त्यांना दोन दिवस थांबवलंय. काकूंना तू सांग, मी शेजारी बसेन. लग्नावरून भांडण झालं म्हणून पोरगा घर सोडून गेला, असं समजून जयसिंगकाका त्याच्यावरचा राग मनात ठेवूनच वारले. काकू आजही स्वतःलाच दोष देतात. म्हणून बाकी सगळं नंतर सांग. आधी एवढंच सांग, की तो घर सोडून गेला नव्हता. ड्यूटी संपवून तो घरीच यायला निघाला होता.

स्टेशनवर तुझी वाट बघणारी,
तुझीच
मृदुला