बर्फात घातलेलं रक्त

मुंबई,
ता. १४ डिसेंबर १९९३

चि. नलूस,
अनेक आशीर्वाद. मी खुशाल आहे. खोकला गेला. आईने दिलेले सुके बोंबील संपले. होस्टेलच्या पोरांनी वासाला नाकं मुरडत मुरडत डबा पुसून खाल्ला.

पत्राचं कारण, येत्या रविवारी आमचे लॅबचे सर माझ्याबरोबर आपल्या घिवलीला येताहेत, पुन्हा रक्त घ्यायला. तू आईला शनिवारीच मनोरला मावशीकडे घेऊन जाशील का? तिलाही जरा बदल होईल.

मागच्या वेळी तुम्हा सगळ्यांचं रक्त घेतलं, पण कशासाठी ते मी धड सांगितलंच नाही. रोगाशी लढणाऱ्या काही पेशी छातीतल्या एका ग्रंथीत तयार होतात. वय झालं की ती ग्रंथी सुकते. तरी त्यांतल्या काही वेगळ्या वळणाच्या पेशी रक्तात, कातडीत तग धरून राहतात, तिथल्या तिथे वाढतात. नवी भरती जवळजवळ थांबल्यावर शरीर त्यांना कसं सांभाळतं, हे आम्ही शोधतोय. म्हणून तुझ्या लहानग्या चिमीचं रक्त हवं होतं, तसं आईचंही.

मी बोईसरला मित्राकडे जाऊन येईतो आईने रक्ताच्या नळ्या मासळीच्या खोक्यात बर्फात पुरल्या. मी ओरडलो, तेव्हा काय म्हणाली आठवतं? "ताजा माल बरफाशिवाय कोन धाडतो? रगत हाय, खराब नाय व्हायचं?" बर्फाने या पेशी हातच्या जातात, हे मी आधी सांगायला हवं होतं. चूक माझी.

पण नुसतं तेवढंच नाही गं. सरांनी विचारलं, बर्फ कुणी घातला? मी म्हणालो, "सामान बांधायला एक कोळीण ठेवली होती. अडाणी बाई." सर म्हणाले, "तिचा काय दोष? मीच येऊन तिला समजावतो."

आई हा शब्द तोंडातून निघालाच नाही. इथे सगळ्यांचे वडील डॉक्टर नाहीतर प्रोफेसर. जिने डोक्यावर पाटी घेऊन मला शिकवलं, तिची मला लाज वाटली. आता स्वतःची वाटते.

मनोरचं वर लिहिलंय ते खोडणार होतो. राहू दे, मी किती खाली उतरलो ते तुलाही दिसू दे. आईला कुठेही नेऊ नकोस. हे पत्र तिला वाचून दाखव, एकही ओळ गाळू नकोस. सरांना मी उद्याच खरं सांगतो.

तिने मला येऊ नको म्हटलं, तर तसं कळव. मग सर एकटेच येतील, आणि ती त्यांना जेवल्याशिवाय सोडणार नाही, मला माहीत आहे.

अजून म्हणवत असेल तर,
तुझा दादा
भगवंत