बोर्डाच्या कोपऱ्यातलं नाव

मामंजी, तुमच्याबद्दल घरात अजून सगळे चांगलंच बोलतात आणि मी मान हलवते. म्हणून हे तुम्हालाच लिहिते आहे. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर मीच कृतघ्न ठरेन.

लग्न होऊन पलूसहून साताऱ्याला आले तेव्हा सांगलीत केलेला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा माझ्या ट्रंकेत तळाशी होता. सासूबाई माझ्या येण्याआधीच गेलेल्या. तुमचा मुलगा सकाळीच खंडाळ्याला कामावर जायचा, मग दिवसभर घरात तुम्ही आणि मी. फौजेत वायरलेसवर आयुष्य काढून तुम्ही परतला होतात. पुण्याहून कुणाचा तरी जुना कॉम्प्युटर आणला होतात, फ्लॉपीवर सर्किट बोर्ड काढायचं सॉफ्टवेअर, आणि डोक्यात एकच ध्यास: तीनपैकी एक फेज गेली की शेतातली मोटर जळायच्या आत बंद करणारं सर्किट घरी बनवायचं. माहेरी आमच्या विहिरीवरची मोटर तशीच जळालेली मी पाहिली होती. त्यामुळे बाकीचे हसायचे तशी मी हसले नाही.

अजून दिसतं मला. तुम्ही स्क्रीनवर रेघा ओढताय, कागदावर छापून तांब्याच्या पत्र्यावर उतरवताय, न्हाणीत टबातल्या ॲसिडमध्ये पत्रा हलवताय. भोकं पाडून, कथलाचे डाग देऊन सगळं जोडता, आणि मोटर तोडणारा रिले काही उचलत नाही. पुन्हा नवा बोर्ड, पुन्हा तेच. आधी तुम्ही दुकानदाराला शिव्या घालता, मग ट्रान्झिस्टरला, शेवटी कॉम्प्युटरला. एका दुपारी न राहवून मी म्हटलं, "मामंजी, मी बघू?"

"तुला काय कळतंय त्यातलं?" म्हणालात, पण खुर्ची सरकवलीत.

मीटर लावून मी ट्रान्झिस्टरचे पाय तपासले. सॉफ्टवेअरमध्ये ट्रान्झिस्टरचं चित्र तयारच मिळायचं, आणि तुम्ही ते विश्वासानं उचलून ठेवत होतात. त्या चित्रातला पायांचा क्रम कुठल्यातरी दुसऱ्याच जातीचा होता. आपल्या बाजारात मिळणाऱ्याचा वेगळा. रेघा बरोबर, माल बरोबर, चित्र तेवढं चुकीचं. मी चित्र दुरुस्त केलं, बोर्ड नव्यानं काढला. रिले 'टक्' वाजला आणि तुम्ही उठून टाळ्या वाजवल्यात. "शाबास! लय भारी, पोरी!"

त्यानंतर रोज दुपारी आपण दोघं त्या मशीनपुढे. सॉफ्टवेअर मध्येच अडकायचं, सेव्ह केलेलं उघडायचं नाही, मी कारण शोधत बसायची आणि तुम्ही शेंगा सोलून दाणे माझ्या पुढ्यात ठेवायचात. त्या घरात तोवर मला कुणी बस म्हणालं नव्हतं.

मग बोर्डाचं ऐकून सांगलीहून एक कारखानदार आले. छोटा कारखाना, मोटरचे स्टार्टर बनवणारा. बोर्ड उलटासुलटा करून त्यांनी विचारलं, "हे ले-आउट कुणी काढलं?"

"मीच," तुम्ही म्हणालात. "फौजेत होतो ना वायरलेसवर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि या ताई? आमच्याकडं अशा कामाला माणूस पायजे. डिप्लोमावाल्या मुलीपण हायेत."

"ती? ती नुसतं टाईप करती. सूनबाई, चहा टाका."

मी चहा टाकला. ते गेल्यावर विचारलं, "मामंजी, असं का म्हणालात?"

"आपल्या घरातल्या बायका कारखान्यात जात न्हाईत. तुला काय कमी हाय हितं?"

"पण काम मी केलंय, एवढं तरी..."

"बस. खतम." फौजेतला आवाज.

संध्याकाळी तुमच्या मुलाला सांगितलं, तर म्हणाला, बाबांशी वाद नको. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला साडी आणलीत. मी नेसलेही. न नेसण्याची सोय त्या घरात नव्हती. पुढं त्या कारखान्याची कामं येत राहिली आणि सगळी तुमच्या नावावर गेली. प्रत्येक बोर्डाच्या कोपऱ्यात तुमचं नाव असायचं. ते मलाच टाईप करावं लागे. शेंगदाणे तेव्हाही मिळत होते, मी खात नव्हते. तुमच्या ते लक्षात आलं की नाही, कोण जाणे.

तुमच्या छातीत कळ आली तेव्हा एक बोर्ड अर्धा राहिला होता. तेरावं झाल्यावर तो मी पुरा केला आणि कुणालाही न विचारता एसटीनं सांगलीला नेऊन दिला. कारखानदार बोर्डाकडे बघतच राहिले. "हा कुणी काढला?"

"मी."

"असं होय! सासऱ्यांनी शिकवलं असणार."

सगळं तोंडाशी आलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावरची शंका माझ्या डोळ्यांदेखत विरत होती. मी "हो" म्हटलं आणि काम मिळालं.

आता सांगलीत माझं स्वतःचं काम आहे, हाताखाली माणसं आहेत. हा कागद धाडायचा कुठे, आणि तुमच्या मुलाच्या हाती लागला तर तो पुन्हा म्हणेल, वाद नको. तेव्हा फाडूनच टाकीन. पण एक सांगते. नवं गिऱ्हाईक अजूनही विचारतं, बाई, हे कुठं शिकलात? आणि मी अजूनही म्हणते, सासऱ्यांनी शिकवलं. ऐकून ते लगेच निवांत होतं.