दाराची जिन्याकडची बाजू

प्रिय प्रांजू,

चिडलेली असशील तर तशीच चिडून वाच, पण बाथरूमची कडी लावून वाच. फोन केला की पक्षाचं कोणीतरी उचलतं आणि 'वहिनी आराम करतायत' म्हणतं. म्हणून हे तुझ्याकडे पोळ्या करणाऱ्या मालनमावशींच्या हाती देतेय. सुयोग गेला तेव्हा घाटकोपरला आले होते गं मी. तुझ्याभोवती ही गर्दी! नवऱ्याच्या खुनानंतरही तुला कोणी एकटीला सोडेना. फाटकावरूनच परत फिरले.

इकडे बोरिवलीत आई गेल्यापासून मला मात्र एकटेपणाच एकटेपणा. भांडायलाही कोणी नाही. घरात माणसाचा आवाज हवा म्हणून टीव्ही चालू ठेवते.

आमच्या प्रयोगशाळेत वस्तू येते ती लाखेचं सील मारून, नुसता नंबर लावून. मध्यंतरी एक अख्खं दार आलं, मधोमध गोळीचं भोक. मी तपासून मोकळी झाले, तेवढ्यात रंगाचा पोपडा निघाला आणि खाली तुझ्या आईने ऑइलपेंटने काढलेला गणपती दिसला. तोच, सोंडेच्या जागी दुधी लटकवलेला. त्यावरून आपण काकूंना काय छळायचो! तुझ्या माहेरचं दार ते, जिथे सुयोगने पुढे ऑफिस थाटलं. लगेच साहेबांना सांगितलं, हे माझ्या मैत्रिणीचं घर आहे. त्यांनी माझ्याकडून काम काढून माझ्याबरोबरच्या निहारला दिलं, त्याने पहिल्यापासून सगळं पुन्हा तपासलं.

दोघांचं एकच निघालं. गोळी लाकडात शिरते तिथे भोक नीट असतं, बाहेर पडते तिथे ढलप्या उडतात. ढलप्या जिन्याकडच्या बाजूला उडाल्यात, प्रांजू. बाहेरून कोणी गोळी झाडलीच नाही. विरोधी पक्षाचा म्हणून पकडलेला तो मधुकर फुकट तुरुंगात सडतोय. गोळी खोलीतून सुटली, दार उघडायला गेलेल्या सुयोगच्या पाठीतून आरपार गेली. आणि खोलीत तेव्हा दुसरं कोण होतं, हे तुझ्या दिराने, किरणने, स्वतःच पोलिसांना सांगितलंय: तो एकटाच.

अहवाल कोर्टात बंद पाकिटात आहे. सोमवारी निहार साक्षीला उभा राहील, तेव्हा किरणला कळेल. मी आधी फोडलं म्हणून माझी नोकरी जाईल, खड्ड्यात जाऊ दे. काल पेपरात फोटो पाहिला. सुयोगच्या जागेवर निवडणुकीला उभा राहिलेला किरण, हात जोडलेली तू, आणि त्याच्या कडेवर तुझी मानसी. तेव्हाच हे लिहायला घेतलं. सोमवारी त्याचं पितळ उघडं पडेल तेव्हा तुम्ही मायलेकी त्या घरात नको. रविवारी सकाळी देवळात निघाल्यासारखी नीघ, कपडेबिपडे काही भरू नकोस. गाडी घेऊ नकोस, ड्रायव्हर त्याचा माणूस आहे. कोपऱ्यावरून रिक्षा पकड आणि थेट माझ्याकडे ये. काका-काकू नाहीत, घराला पोलिसांचं सील. आता तुझं माहेर म्हणजे मीच आहे गं.

तुझीच, अजूनही,
रश्मी