ग्रिंबाखची पंचाहत्तरी

नीडरआउ, ता. ४ मार्च २००१

चि. लिंडे हिस,
थोरल्या भावाचे अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. चार पानं होती, दोनात भागलं असतं. माझा गुडघा दुखतो, त्याची चौकशी करू नये. या आठवड्यात जिना झाडायची पाळी माझी होती. वरची बाई म्हणाली, बहात्तराव्या वर्षी कशाला वाकता, मी झाडते. मी म्हटलं, तुम्ही कोपरे सोडता.

इथे सगळं गाव ग्रिंबाख मोटार कंपनीच्या पंचाहत्तरीने वेडं झालंय. बेकरीवाल्याने गाडीच्या आकाराचे पाव काढलेत, चाकं कच्ची राहतात. कंपनी जाड पुस्तक छापतेय. त्यात वडिलांचा फोटो येणार, चौथ्या शेडच्या दारात फोरमनचा कोट घालून उभे आहेत तो. जूनच्या समारंभात मला पहिल्या रांगेत खुर्ची. तू हसशील. हस. पण सेहेचाळीस वर्षं मी तिथे इंजिनं तपासली आणि त्याची मला लाज नाही. ग्रिंबाखचं दार लावलं की तिजोरी लागल्यासारखा आवाज येतो. तो आपोआप येत नाही, कुणीतरी शंभर दारं परत काढायला लावलेली असतात. मागल्या वर्षी लिस्बनचा एक टॅक्सीवाला आठ लाख किलोमीटर झालेली गाडी घेऊन गेटवर आला होता. बॉनेटवर हात ठेवून रडला. मी तिथेच होतो.

आता तुझं काम. नर्सची नोकरी संपल्यावर तुला काहीतरी उद्योग हवाच होता, तेव्हा चर्चमधल्या बायकांबरोबर युक्रेनच्या म्हाताऱ्यांची पत्रं वाचतेस ते ठीक आहे. तू विचारतेस, पराश्का ह्नात्युक नावाची पोरगी लढाईत ग्रिंबाखला कामाला होती का. कामाला म्हणजे धरून आणलेली. तशा चौथ्या शेडमध्ये दीडशे होत्या. कंपनी सांगते की तेव्हाचे कागद बॉम्बमध्ये जळले. कंपनीचे जळले असतील. वडिलांची हजेरीवही आईच्या पेटीत निघाली होती, ती माझ्याकडे आहे. काल उघडून पाहिली. नंबर ४१७, पराश्का ह्नात्युक, जून ४२ ते एप्रिल ४५. मधे चव्वेचाळीस सालचे आठ आठवडे कोरे आहेत.

वही मी कंपनीत नेऊन देतो. कंपनी दाखला देईल, दाखल्यावर बाईला सरकारी निधीतून भरपाई मिळेल. विषय संपला.

तुझा लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायच्या भानगडीत पडू नकोस.
ओटमार

कासेल, ता. १३ मार्च २००१

ती. ओटमार यास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

वही सापडली हे वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या. पुढचं मात्र नीट वाच आणि वाचताना तोंड वाकडं करू नकोस. आधी वहीचं झेरॉक्स काढ. पोस्टाशेजारी मशीन आहे, मी पाहिलंय. मग मूळ वही कुणाला द्यायची ती दे.

दुसरं. मी हिशेब केला. चव्वेचाळीस साली तू पंधराचा होतास आणि चौथ्या शेडमध्येच शिकाऊ होतास. तू घरी येऊन आईला सांगायचास की माझ्याभोवती सगळ्या परदेशी पोरी आहेत, एकीलाही हातोडी धरता येत नाही. मग वही कशाला हवी? साक्षीदाराचा कागदही चालतो. मी हिला तिथे काम करताना पाहिलं, एवढी एक ओळ लिही आणि नगरपालिकेत शिक्का मारून घे. काम अर्ध्या तासाचं आहे.

पराश्काबाई शहात्तर वर्षांच्या आहेत. विहीर घरापासून लांब, पाणी स्वतः ओढतात. अर्जाची मुदत या वर्षअखेर संपते. त्यांनी कंपनीला स्वतः लिहिलंय, अजून उत्तर नाही.

गुडघ्याची चौकशी करत नाही. मलम मात्र पाठवलंय.

आहे तसाच लोभ राहू दे, नाहीतर तुझी पत्रं चार ओळींची होतील.
गेर्लिंडे

नीडरआउ, ता. ९ एप्रिल २००१

चि. लिंडे,
अ. उ. आ.

मलमाला घोड्याच्या तबेल्याचा वास येतो. लावतो आहे.

वही दिली. कंपनीच्या इतिहास विभागात डॉक्टर रीडिंगर म्हणून एक जण आहे. डॉक्टर म्हणजे पुस्तकांचा. वय चाळीसही नसेल. त्याने कॉफी पाजली, वही पांढरे हातमोजे घालून उघडली आणि म्हणाला, केहररसाहेब, तुमच्यासारखी घराणी आहेत म्हणून ग्रिंबाख ग्रिंबाख आहे. मला पावती दिली, जुनी वही एक. येताना टोपीही दिली.

झेरॉक्स काढलं नाही. आता ओरडू नकोस. त्या वहीवर कंपनीचा शिक्का आहे. ती वडिलांची नव्हती, कंपनीची होती, घरी राहिली हीच चूक. कंपनीचा कागद बाहेर छापून काढायचा नाही हे मला पहिल्या दिवशी शिकवलं आणि पुढे सेहेचाळीस वर्षं मी ते दुसऱ्यांना शिकवलं. एकाला त्यावरून घालवलाही होता. आता म्हातारपणी मीच पोस्टाशेजारी उभा राहून पानं उलटू का?

आणि साक्षीबिक्षीचं परत लिहू नकोस. पंधरा वर्षांच्या पोराला काय आठवणार. वहीत लिहिलंय ते बस आहे.

लोभ चालू ठेव, सल्ले बंद कर.
ओटमार

कासेल, ता. २९ जून २००१

ती. ओटमार यास,
न. वि. वि.

आज गमतीचं काही लिहायला नाही. पराश्काबाईंना ग्रिंबाखचं उत्तर आलं. आमच्या चर्चमधल्या दुभाषी बाईने मला फोनवर वाचून दाखवलं. उपलब्ध कागदपत्रांत सदर नावाची नोंद आढळत नाही, आम्हांस खेद वाटतो. सोबत पंचाहत्तरीचं चकचकीत पत्रक जोडलंय, लाल गाडीचा फोटो असलेलं.

तुझी वही एप्रिलपासून त्यांच्याकडे आहे. हे पत्र जूनमधलं आहे.

तू पाठवलेलं पुस्तकही पाहिलं. पंपाच्या कारखान्यापासून पहिल्या गाडीपर्यंत वीस पानं. डोंगरावरच्या शर्यतीची सोळा. लढाईनंतर लोकांनी ॲल्युमिनियमची भांडी करून कंपनी कशी जगवली त्याची सहा, ती वाचून मला रडूही आलं. आणि लढाईची सहा वर्षं एका परिच्छेदात. बिकट काळ, कच्च्या मालाची टंचाई, इमारतींचं नुकसान. दीडशे बायका कुठेच नाहीत. वडिलांच्या फोटोखाली लिहिलंय, फोरमन केहरर आपल्या शेडसमोर. तोच फोटो आईच्या आल्बममध्ये होता. त्यात उजव्या बाजूला बायकांची रांग आहे, फडकी बांधलेल्या. पुस्तकात ती कापलीय. एकीचं कोपर मात्र राहिलंय, नीट बघ.

तुला पहिल्या रांगेत बसून कसं वाटलं ते विचारत नाही. मुदतीला सहा महिने राहिलेत. साक्ष दे, ओटमार. तू का देत नाहीस ते मला कळत नाही, आणि न कळता गप्प बसणं मला आता जमणार नाही.

लोभाचं पुढच्या पत्रात बघू.
गेर्लिंडे

नीडरआउ, ता. २ सप्टेंबर २००१

चि. लिंडे,
आ.

दोन महिने लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं.

कोपर पाहिलं. भिंग लावून पाहिलं.

रीडिंगरकडे तीनदा गेलो. पहिल्या वेळी म्हणाला, वहीचा कागद जुना आहे, डागडुजी चालू आहे. दुसऱ्या वेळी म्हणाला, वकिलांकडे आहे, त्यात लोकांची खाजगी नावं आहेत, असं कुणालाही दाखवता येत नाही. मी म्हटलं, अहो, जिचं नाव आहे तीच मागतेय. म्हणाला, तुमची कळकळ समजते. तिसऱ्या वेळी गेटवरच्या पोराने फोन लावला आणि साहेब बाहेर गेलेत म्हणून सांगितलं. साहेब वर खिडकीत दिसत होता. त्या पोराच्या बापाला गाडीची दारं बसवायला मी शिकवलंय.

गुरुवारी खानावळीत आमच्या रिटायर लोकांच्या टेबलावर विषय काढला. एक जण म्हणाला, ओटमार, पेन्शन ग्रिंबाखची खातोस ना? मग समोरची मसूर गिळ आणि गप्प बस. दुसरा म्हणाला, तेव्हा सगळ्यांचेच हाल होते, आपण काय लोणी खात होतो? मी उठून आलो. बिअर अर्धी राहिली.

आता ऐक. एकदाच लिहिणार आहे.

पराश्का माझ्या शेजारच्या बाकावर व्हॉल्व्ह घासायची. त्या पोरी ॲल्युमिनियमच्या तुकड्यांचे कंगवे करायच्या, कानशीने एकेक दात काढून, आणि पावाच्या बदल्यात द्यायच्या. तुझा वाढदिवस आला होता. मी दोन दिवसांचा पाव तिला दिला आणि कंगवा घेतला. त्यावर तिने पान कोरलं होतं. संध्याकाळी गेटवर पहारेकऱ्याने खिसे तपासले. कुठून आणला म्हणाला. मी सांगितलं. मारलं नाही, दरडावलं नाही, नुसतं विचारलं आणि मी नंबरासकट सांगितलं. कंपनीच्या मालाची चोरी झाली ती. मला म्हणाला, शाबास, बहिणीला ने. कंगवा परत दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला शिक्षेच्या छावणीत नेलं. वहीतले आठ कोरे आठवडे ते. परत आली तेव्हा डोकं भादरलेलं होतं आणि डाव्या हाताची दोन बोटं मिटत नव्हती. वडील म्हणाले, विचारल्यावर सांगावंच लागतं. तेवढंच म्हणाले. पुढे वर्षभर ती माझ्या शेजारी उभी होती. मी वर पाहिलं नाही.

म्हणून मला वही चालवायची होती. वहीला कुणी विचारत नाही, तुला ही बाई कशी आठवते.

परवा नगरपालिकेत गेलो. कारकून बाई म्हणाली, आजोबा, फक्त ओळखत होतो लिहा, बाकीची गरज नाही. पण फॉर्मवर रकाना होता, कशावरून ओळखता. सगळं लिहिलं. शिक्का मारला. सोबत पाठवतो, तू पुढे पाठव. या वेळी झेरॉक्स काढलंय.

लोभ मागत नाही.
ओटमार

कासेल, ता. १६ डिसेंबर २००१

ती. ओटमार यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यावर कागद त्याच दिवशी पुढे पाठवला, तुला लिहायला मात्र साडेतीन महिने लागले. त्या कंगव्याने मी आठ वर्षं केस विंचरले. बावन्न साली गाडीत विसरले तेव्हा रडले होते, नवा घ्यायला तू पैसे दिले होतेस आणि पाठ फिरवून उभा राहिला होतास. तू पंधराचा होतास, असं मी स्वतःला रोज सांगते. कधी पटतं, कधी नाही.

तुझी साक्ष मान्य झाली. भरपाई मिळणार. काल पराश्काबाईंचं पत्र आलं. तुला दाखवू नये असं दोन तास वाटत होतं. मग म्हटलं, तू सगळं लिहिलंस, मी का लपवू.

त्या लिहितात की अंगणात पाण्याचा पंप बसवणार आहेत. लिहितात की तुमच्या भावाचा चेहरा मला आठवत नाही, तसली पोरं पुष्कळ होती, सगळी सारखीच. माझं नाव गेटवर त्याने सांगितलं हे मला माहीतच नव्हतं. मला वाटलं मोत्रियाने सांगितलं.

मोत्रिया त्यांच्याच गावची. रेल्वेच्या एकाच डब्यातून दोघींना आणलं होतं. पराश्काबाईंना नेलं त्याच आठवड्यात मोत्रियाला स्वयंपाकघरात बदली मिळाली, म्हणून सगळ्या बराकीने तेच धरलं. लढाई संपली, दोघी गावी परतल्या, समोरासमोर घरं. पराश्काबाईंनी गावात सांगितलं की हिने मला विकलं. मग मोत्रियाशी कुणी बोललं नाही. ती दारात येऊन शपथा घ्यायची, या खिडकी लावायच्या. चाळीस वर्षं. शहाऐंशीत ती वारली, या मयतालाही गेल्या नाहीत.

शेवटी लिहितात, साक्ष वाचल्यावर मुलीला म्हटलं मला तिच्या थडग्यावर ने, मुलगी म्हणते बर्फ उतरू दे. तुमच्या भावाचे आभार मानू की काय करू, मला कळत नाही. त्याने तेव्हाच का नाही सांगितलं, मी शेजारीच उभी होते.

एवढंच आहे. मी नाताळात येतेय. काही बोलायला नको, बसू.

लोभ आहे. कसा आहे ते विचारू नकोस.
गेर्लिंडे

नीडरआउ, ता. १९ डिसेंबर २००१

चि. लिंडे,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

कंपनीचंही पत्र आलंय. रविवारी कंपनीच्या संग्रहालयात मी शाळेच्या मुलांना जुनं इंजिन चालू करून दाखवायचो, ते आता दुसरा कुणी दाखवेल, आपल्या दीर्घ सेवेबद्दल आभारी आहोत. ठीक आहे. नवा माणूस थंडीत चोक जास्त ओढेल आणि धूर करेल, त्यांचं ते बघतील.

नाताळात ये. जिन्याची पाळी त्या आठवड्यात माझीच आहे, बर्फ असेल, जपून चढ.

येण्याआधी एक काम कर. तुझ्या दुभाषी बाईकरवी विचार, मोत्रियाला मुलं होती का, आणि असतील तर ती कुठे राहतात. साक्षीचं झेरॉक्स माझ्याकडे आहे. त्यावर मोत्रियाचं नाव कुठेच नाही, तिने काही केलं नव्हतं असं त्यात लिहिलेलं नाही. तो नवा कागद करावा लागेल. शिक्का मारणारी बाई एकवीस तारखेपर्यंतच बसते, तेव्हा मोत्रियाचं आडनाव टपालाने नको, फोन करून सांग.

ओटमार